गाडीतला पाहुणा

आमच्या दुकानात गाडीचा सुटा भाग घ्यायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. "जुना आणलाय का?"

"नाही हो, मेकॅनिकनं नाव सांगितलंय."

"नावानं काही बसत नाही. जुना काढून आणा. दोन्ही शेजारी ठेवू, भोकं मोजू, मग पुडा फोडू."

लोक चिडायचे. एक टॅक्सीवाला तर म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला?" पण तोच पुढे दुसऱ्यांना सांगायचा, की त्या बाईंकडे रिकाम्या हातानं जाऊ नका, परत पाठवतात.

दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक दार. लग्न होऊन आले तेव्हा मला पान्याचे आकडेही कळत नव्हते. पण गॅस्केटच्या माळा डोक्यावर टांगलेल्या, ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास, पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत, अशा जागी संसार केला की शहाणपण आपोआप अंगाला चिकटतं. पुढे मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून रोग्याला औषध सांगावं तसं सांगू लागले. सेल्फ मारल्यावर नुसतं टक् वाजतं? नवी बॅटरी घेऊ नका, आधी टोकांवरची पांढरी बुरशी घासा. गाडी तापते? पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबा, जास्त आत गेला तर तो सैल आहे. चालता चालता बंद पडली? आधी पेट्रोल येतंय का बघा, मग करंट येतोय का बघा, आणि मग कुणाला शिव्या द्यायच्या त्या द्या.

हे सगळं मला आमच्या यांनी शिकवलं. माणूस अबोल, शिस्तीचा, पाने आकारानं लावून ठेवणारा. त्यांची एक पद्धत दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पाहिली नाही. गिऱ्हाईक भाग परत आणून काउंटरवर आपटायचं, "खराब निघाला!" घाऊक व्यापारी म्हणायचा, "भाग चांगला आहे, बसवणारा गाढव आहे." मग खरं कुणाचं? यांनी तोड काढली होती. परत आलेला भाग आमच्याच गाडीत बसवायचा, थोडे दिवस चालवायचा, आणि मग न्याय करायचा. गाडीचा मूळचा चांगला भाग फडक्यात बांधून डिकीत ठेवायचा.

अशा भागाला घरात पाहुणा म्हणत. "गाडीत सध्या पाहुणा कोण?" असं विचारूनच आम्ही गाडीत पाय ठेवायचो. नियम एकच, पण कडक होता. एका वेळी एकच पाहुणा. हे म्हणायचे, "दोन पाहुणे एकदम उतरले आणि चमचा गेला, तर झडती कुणाची घेणार?"

आमचे भावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, अगदी उलट. बोलके, हसरे, चटपटीत. गिऱ्हाईक त्यांच्यावर खूश असे, कारण ते जुना भाग न बघताच नवा देऊन टाकत. एकदा असाच ब्रेकच्या तेलाचा रबरी होज दिला, तो आखूड निघाला. गिऱ्हाईकानं दुकानात येऊन नाही नाही ते सुनावलं. माणूस गेल्यावर हे शांतपणे म्हणाले, "आणखी एक चूक कर. मग तुझं दुकान वेगळं आणि तुझी चूलही वेगळी."

भावजी हसले नाहीत. मधल्या दारात धाकटी उभी होती. माझी जाऊ, घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दिवस भरत आलेले, एक हात पोटावर. तिनं ते ऐकलं आणि आत निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली.

भावजी सकाळच्या एसटीनं लांबच्या मोठ्या शहरात माल आणायला गेले होते. मी डबे घासत होते. धाकटीनं न्हाणीघरातून हाक मारली, "ताई," आणि तिच्या आवाजावरूनच मी हातातलं टाकून धावले. फरशीवर रक्त होतं. दुखत नव्हतं, नुसतं रक्त.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई चप्पल न घालताच आल्या. तपासून त्यांनी मला बाजूला घेतलं. "वार खाली आहे, बाळाच्या वाटेत. इथं माझ्या हातात काही नाही. शहरातल्या इस्पितळात न्या. वाटेत कुठंही थांबू नका. थांबलात तर बाळ जाईल, आणि पाठोपाठ तीही जाईल. मी फोन करून ठेवते."

शेजाऱ्यांनी भावजींना घाऊक व्यापाऱ्याकडे फोन करायचं पत्करलं. यांनी गाडी दाराशी लावली. धाकटीला मागच्या सीटवर आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, डोकं माझ्या मांडीवर घेतलं.

"पाहुणा कोण आहे?" मी सवयीनं विचारलं.

"पेट्रोलचा पंप. आठवडा झाला, कुरकुर नाही," हे म्हणाले आणि गिअर टाकला.

गाव संपलं की शहरापर्यंतच्या वाटेत एक मोठा चढ लागतो. एका बाजूला दगडाच्या खाणी आणि दुसऱ्या बाजूला उतार. वर ऊन मी म्हणत होतं. गाडी छान चालली होती. धाकटी डोळे मिटून होती, ओठ पांढरे पडले होते. मी तिच्याशी काहीबाही बोलत होते. चढाच्या मध्यावर इंजिन अडखळलं. एकदा, दोनदा. मग उचक्या लागल्यासारखं करून बंदच पडलं.

हे झटकन उतरले. धाकटीचं डोकं उशीवर टेकवून मी उतरले आणि मागच्या चाकाला दगड लावला. बॉनेट उघडून यांनी पंपाला हात लावला आणि म्हणाले, "तापलाय. पेट्रोलची आतल्या आत वाफ झाली. एअर धरली यानं. पाहुणाच तो!" त्यांच्या आवाजात जवळजवळ सुटका होती. चोर सापडला होता.

प्यायच्या पाण्यात टॉवेल बुडवून त्यांनी पंपावर गुंडाळला. आम्ही थांबलो. "थांबू नका" असं सांगितलेल्या रस्त्यावर थांबणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. मी धाकटीच्या अंगाखालची चादर बघायची आणि नजर वळवायची.

सेल्फ मारला, आणि इंजिन लागलं.

"बघ," हे म्हणाले.

पण खाणींची रांग संपायच्या आत गाडी परत उचक्या देऊ लागली. या वेळी तर आणखी लवकर.

"अहो, करंट बघितलात का?" मी खिडकीतून विचारलं.

"पंप पाहुणा आहे. करंटचा काय संबंध?"

"आपणच सांगतो ना लोकांना, आधी हे बघा, मग ते बघा—"

"अगं, गिऱ्हाईकाला सांगतो! त्याच्या गाडीत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं म्हणून सांगतो. ही माझी गाडी आहे. यातला स्क्रू न् स्क्रू मला माहीत आहे!" ते माझ्यावर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले.

डिकी उघडून फडक्यातला जुना पंप त्यांनी काढला आणि बदलायला घेतला. तापलेल्या नटाला पाना लागेना, हात घामानं घसरत होते. एक ट्रक वरून खाली आला. ड्रायव्हर उतरून बघून गेला. "माल उतरवल्याशिवाय मला इथं वळवता यायचं नाही, माउली. वाटेत कुणी भेटलं तर पाठवतो." पण तो तर खाली चालला होता. आणि खालच्या रस्त्यावर लांबपर्यंत कुणीच दिसत नव्हतं.

धाकटीनं डोळे उघडले. "ताई, काय झालं?"

"काही नाही, पंप बदलतायत. झालंच."

"पंप?"

"हो, पाहुणा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं. मग तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, कळ आली असेल.

जुना पंप बसला. सेल्फ मारताच गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. यांनी कपाळ पुसलं, हाताचा काळा पट्टा कपाळभर उमटला. "आता थेट इस्पितळात," ते म्हणाले. मीही सुस्कारा सोडला. परीक्षेचा पेपर सोपा गेल्यावर पोरं करतात तसा चेहरा झाला होता त्यांचा.

चढाचा माथा समोर दिसत होता. तिथपर्यंतही गाडी पोचली नाही.

या वेळी ते लगेच उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले. मग उतरले, बॉनेट उघडलं, आणि नुसते बघत उभे राहिले. गाडीसमोर हा माणूस कधी हात लटकत ठेवून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. पाहुणा निघून गेला होता आणि चोरी चालूच होती. त्यांच्या हिशेबात हे बसतच नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मऊ पडला होता. "दादांना बोलवा."

हे खिडकीशी आले.

"दादा, आधी शब्द द्या. ह्यांना काही बोलणार नाही म्हणून."

"कुणाला? धाकट्याला? त्याचं काय आत्ता?"

"शब्द द्या. चूल वेगळी करणार नाही म्हणा."

"अगं पोरी, तू..."

"म्हणा ना."

"नाही करणार. नाही बोलणार. सांग."

"सकाळी गाडीच्या शेडमध्ये ह्यांनी इंजिनात काहीतरी बसवलं. मी टॉर्च धरला होता. तो काळा डबा, त्यातून जाडी वायर निघते. त्या जीपवाल्यानं परत आणला होता ना, गाडी गरम झाली की बंद पडते म्हणून. ह्यांना वाटलं, तो खोटं बोलतोय. तुम्ही दोन-तीन फेऱ्या मारल्या की आपोआप कळेल, मग दादांना दाखवतो, म्हणाले. मी आहे हुशार, असं दाखवायचं होतं त्यांना तुम्हाला. दुसरं काही नव्हतं मनात." एवढं बोलून तिला धाप लागली. "माझ्याकडून शपथ घेतली होती त्यांनी, सांगू नकोस म्हणून."

यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता स्फोट होणार. ते फक्त म्हणाले, "कॉइल." आणि पळतच पुढे गेले.

"सेल्फ मार!" त्यांनी मला सांगितलं. धाकटीचं डोकं अलगद उशीवर ठेवून मी पुढच्या सीटवर गेले. जाड वायर काढून त्यांनी तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं होतं. मी सेल्फ मारला. कॉइल करंट देत असेल तर निळी ठिणगी उडायला हवी होती. काही उडालं नाही.

"अजून."

काही नाही.

त्यांनी कॉइलला तळहात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. नंतर बघितलं तेव्हा तिथं फोड उठला होता. म्हणजे आम्ही पंप गार करत बसलो होतो, पंप बदलत बसलो होतो, आणि तेवढ्या वेळात कॉइल आपली आपण गार होत होती. म्हणून दर वेळी गाडी चालू झाली. दर वेळी आम्हाला वाटलं, आपलंच औषध लागू पडलं.

"जुनी कॉइल कुठं ठेवली त्यानं?" यांनी विचारलं.

"घरी," धाकटी म्हणाली. "शेडच्या खिडकीत."

डिकीकडे निघालेले हे तिथूनच मागे वळले.

मग मला माझा नवरा परत दिसला. हात लटकत ठेवलेला माणूस गेला आणि पान्यांचा माणूस आला. ते रिकामा डबा घेऊन खाणीकडे उतरले. तिथं साचलेलं हिरवट पाणी होतं, ते भरून धापा टाकत वर आले. टॉवेल फाडून त्यांनी पट्ट्या केल्या, पाण्यात बुडवून कॉइलला गुंडाळल्या. "वरच्या टोकाला पाणी लागता कामा नये, नाहीतर करंट तिथंच उतरेल," ते स्वतःशीच बोलत होते. पट्ट्यांवर ते हळूहळू पाणी सोडत राहिले. पहिल्यांदा वाफ आली, मग यायची थांबली.

"माथ्यापर्यंत पोचवली की पुढे उतार आहे," ते म्हणाले. "उतारावर इंजिन बंदच ठेवतो. किल्ली बंद तर कॉइल गार. तू मागं बस आणि हिला बोलती ठेव."

सेल्फ. इंजिन लागलं. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी, आम्ही माथा गाठला. तिथं यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी सोडली.

आवाज नसलेली गाडी मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. फक्त टायरचा आवाज आणि वारा. वळणांवर ते ब्रेकवर जवळजवळ उभेच राहायचे. धाकटीला मी विचारत होते, नाव काय ठेवायचं, डोळे कुणासारखे, भावजींसारखं बडबडं निघालं तर काय करायचं. सुरुवातीला ती हूं म्हणायची. मग हूं म्हणायलाही वेळ लावू लागली.

"धाकटे, झोपायचं नाही!"

"ताई, ते बोलणार नाहीत ना खरंच?"

"तुझ्या दादांनी शब्द मोडलेला ऐकलायस कधी?"

"तेच ना," ती म्हणाली. "म्हणून तर मागितला."

उतार संपला. शहराच्या वेशीवर गाडी मंदावत गेली. यांनी शेवटच्या वेगावरच गिअर टाकून इंजिन उचललं. रस्त्यात गर्दी होती, हातगाड्या, सायकली. हॉर्नवरचा हात त्यांनी काढलाच नाही. एका चौकात पोलिसानं अडवलं, खिडकीतून आत बघितलं, आणि वळून बाकी सगळ्यांना अडवलं.

इस्पितळाचं फाटक दिसलं आणि गाडीनं पहिली उचकी दिली.

"नाही," हे म्हणाले. गाडीला म्हणाले, "आत्ता नाही."

ती ऐकण्यातली नव्हती. फाटकाच्या अलीकडे, भर रस्त्यात बंद पडली. पण तिथं माणसं होती. पानाच्या टपरीवरचे, चपला दुरुस्त करणारा, दोन शाळामास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. "आत बाई आहे रे!" कुणीतरी ओरडलं, आणि दहा हात मागे लागले. आमची गाडी फाटकातून आत गेली ती माणसांच्या जोरावर. स्ट्रेचर तयार होतं.

दार बंद झालं. मग आम्ही दोघं बाकावर.

भावजी आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. "कशी आहे?"

"आत घेतलंय," मी म्हणाले.

"वेळेत पोचलात ना? निरोप तर केव्हाच आला होता. मला वाटलं, एव्हाना सगळं उरकलं असेल..." ते थांबले. त्यांची नजर यांच्या हातांकडे गेली. कोपरापर्यंत काळे हात, आणि उजव्या तळव्यावर मोठा फोड. "दादा, हाताला काय झालं?"

"तापलेलं होतं काहीतरी."

भावजी मूर्ख नव्हते. इंजिनात एवढं तापणारं, हात लावून बघावं लागणारं काय असतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. "कुठं बंद पडली?"

हे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"दादा, बोला ना. शिव्या द्या. मारा."

"मला बोलायचं नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

यांनी हनुवटीनं बंद दाराकडे दाखवलं.

भावजी उभे होते तिथंच भिंतीला पाठ टेकवून खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठून त्यांच्याजवळ जाणार होते, पण यांनी माझं मनगट धरलं. राग नव्हता त्या धरण्यात. राहू दे, एवढंच होतं. या माणसाला ओरडून मोकळं होता येत नव्हतं आणि त्या माणसाला ऐकून मोकळं होता येत नव्हतं. त्या बाकावर बसून मला वाटलं, धाकटीनं शब्द मागितला नसता तर दोघांनाही सोपं गेलं असतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. हातात पांढऱ्या कपड्याची एवढीशी गुंडाळी होती, आणि त्या गुंडाळीतून कुरकुरल्यासारखा आवाज येत होता.

"आईला रक्त चढवतोय. अशक्त आहे, पण धोका टळलाय. मुलगी आहे, लहान आहे, जपावं लागेल. बाप कोण?"

भावजी उठले, पण पुढे गेले नाहीत. त्यांनी यांच्याकडे बघितलं. लहानपणी चूक झाल्यावर मोठ्या भावाकडे बघत असतील तसंच.

"माझ्याकडे काय बघतोस?" हे म्हणाले. इस्पितळात भावाकडे बघून बोललेलं हेच त्यांचं पहिलं वाक्य. "हात पुढे कर. मानेखाली धर. अंहं, असं नाही, मानेखाली!"

भावजींचे हात लटपटत होते. नर्सनं मुलीला त्यांच्या हातात दिलं. आमचे हे आपले काळे, भाजलेले हात मुलीला लागू न देता भावाच्या कोपरांखाली धरून, ती थरथर थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.